प्रतिपालक घरातील आठ वर्षांची मुलगी : एका कुटुंबासोबतच्या उपचाराचा प्रकरण अभ्यास

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. त्यामुळे पुढील मांडणी कोणा एका घराची नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांना सांभाळणाऱ्या, सारख्याच परिस्थितीतील काही कुटुंबांच्या अनुभवांतून ती बांधली आहे, आणि व्यवसाय, वय व गावाचे तपशील बदलले आहेत. मुलीवर उपचार व्हावेत म्हणून कुटुंब आले आणि उपचाराचा मोठा भाग तिला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांसोबत झाला, हा प्रकरणाचा गाभा मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

पार्श्वभूमी

मुलगी मूळची बीड जिल्ह्यातली. आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर तोडीला जात आणि मार्च-एप्रिलमध्ये परतत. मुलीची पहिली पाच वर्षे अर्धी गावात आणि अर्धी कारखान्याच्या परिसरातील कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत गेली. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे आईच्या मृत्यूनंतर वडिलांची जोडी मोडली आणि उचलही घटली. ते एकटेच, अर्धा कोयता म्हणून जाऊ लागले व मुलीला आजीकडे ठेवू लागले. त्याच काळात त्यांचे दारूचे व्यसन वाढले. पुढच्या एका हंगामात आजी वारली. निरोप पोहोचूनही वडील वेळेवर येऊ शकले नाहीत, आणि मुलगी काही दिवस शेजाऱ्यांच्या दयेवर व काही रात्री घरात एकटी राहिली. गावातील आशा सेविकेने १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवल्यानंतर तिला बाल कल्याण समितीपुढे नेण्यात आले. समितीने तिला आधी बालगृहात ठेवले आणि सुमारे वर्षभराने प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता काही काळ मूल सांभाळणाऱ्या कुटुंबात पाठवण्याचा आदेश दिला.

हे कुटुंब तालुक्याच्या गावी राहते. गृहस्थ एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत, बाई घरी शिवणकाम करतात आणि त्यांना सातवीत शिकणारा मुलगा आहे. मुलगी त्यांना काका-काकू म्हणते, म्हणून या लेखातही तेच संबोधन वापरले आहे. वडील हयात असून त्यांनी मुलीवरचा हक्क सोडलेला नाही, त्यामुळे ती दत्तकविधानासाठी कायद्याने मुक्त नाही. ‘एवढं करताय तर दत्तकच का घेत नाही?’ हा नातेवाइकांचा प्रश्न काकूंना वारंवार ऐकावा लागे, आणि त्याचे उत्तर देता देता आपण नेमके काय करीत आहोत याबद्दल त्यांचा स्वतःचाच गोंधळ होई.

आलेली तक्रार

पहिला महिना अतिशय शांततेत गेला होता. मुलगी सांगितलेले सर्व ऐके, न सांगता भांडी विसळे, काही मागत नसे. शेजारीपाजारी ‘किती गुणी पोर आहे’ म्हणत. दुसऱ्या महिन्यापासून चित्र पालटले. गोधडीच्या घडीत आणि दप्तरात भाकरीचे तुकडे सापडू लागले, काही बुरशी आलेले. साध्या विचारण्यावरही ती खोटे बोले. काकूंच्या मुलाची वही तिने फाडली. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी बाईचा हात धरून ती निघून गेली होती, आणि गुडघा फुटून रक्त आले तरी ती रडली नाही, कोणाजवळ गेलीही नाही. ही शेवटची बाब तक्रारीत नव्हती. काकूंनी ती ‘धीट आहे’ म्हणून कौतुकाने सांगितली. समुपदेशक म्हणून माझ्या दृष्टीने सर्व लक्षणांमध्ये तीच सर्वांत चिंतेची होती, कारण दुखल्यावर मोठ्या माणसाकडे धाव घेणे ही लहान मुलाची अगदी प्राथमिक सवय असते आणि या मुलीने ती सोडून दिली होती.

वडील हंगाम संपवून भेटायला आले, त्यानंतर आठवडाभर ती रोज अंथरूण ओले करीत होती. काकूंचा धीर तेव्हा सुटला. ‘आम्ही काय कमी केलं हिला? बाप एक दिवस येतो, खाऊ देतो, आणि हिला आमचं घर नकोसं होतं,’ असे त्या म्हणाल्या. रागाच्या भरात त्यांनी मुलीला एकदोनदा ‘परत पाठवून देईन’ असेही म्हटले होते. कुटुंब समितीकडे मुलगी परत करण्याचा अर्ज देण्याच्या विचारात असताना जिल्हा बाल संरक्षण कक्षाने हे प्रकरण समुपदेशनासाठी पाठवले.

तपासणी

मानसिक कारणांकडे वळण्यापूर्वी शरीराची तपासणी करून घेतली. बालगृहातून आलेल्या मुलांच्या बाबतीत ही पायरी वगळली जाते आणि मग रक्तक्षयाने आलेली चिडचिड किंवा कानाच्या दुखण्यामुळे न ऐकणे यांना ‘हट्टीपणा’ हे नाव मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत तपासणी झाली. हिमोग्लोबिन कमी होते, त्यासाठी लोहाच्या गोळ्या व जंतनाशक दिले गेले. कान आणि दृष्टी ठीक होती, आणि अंथरूण ओले होण्यामागे मूत्रसंसर्ग नाही याचीही खात्री करून घेतली. वर्गशिक्षिकेने सांगितले की मुलगी वाचनात मागे आहे, पण तोंडी हिशोबात वर्गात पुढे आहे, आणि डबा सर्वांत आधी संपवते.

लक्षणांचा अर्थ

अन्न लपवणे, खोटे बोलणे, परक्याबरोबर जाणे आणि दुखले तरी न रडणे या चार गोष्टी घरच्यांना वेगवेगळ्या खोडी वाटत होत्या. मुलीच्या आयुष्याचा क्रम समोर ठेवला की त्या एकाच अनुभवातून आल्याचे दिसते. तिला सांभाळणारी माणसे एकामागून एक नाहीशी झाली होती: आधी आई, मग हंगामापुरते वडील, मग आजी, आणि शेवटी बालगृहातील ज्या मावशीजवळ ती झोपत असे ती मावशीसुद्धा. प्रत्येक बदल तिला न सांगता झाला होता. अशा मुलासाठी उद्याच्या भाकरीची तरतूद आज स्वतः करणे हे शहाणपण असते, आणि जो कोणी हात पुढे करील त्याचा हात धरणे हीसुद्धा जगण्याची एक रीत असते. पहिल्या महिन्यातील आज्ञाधारकपणाही याच भीतीचा भाग होता. तो ओसरून राग बाहेर पडू लागला याचा अर्थ घर बिघडले असा नव्हता. ती या घराला अजमावू लागली होती, आणि जिथे राहायचेच नाही अशा ठिकाणी मूल एवढी तसदी घेत नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालापासून आईपासून तुटलेल्या मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास पद्धतशीरपणे होत आला आहे. प्रतिपालक कुटुंबाने नेमके काय भरून येते, याचा सर्वांत काटेकोर पुरावा रोमानियातील बुखारेस्ट येथील प्रकल्पातून मिळाला. तेथे संस्थांत वाढणाऱ्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवड करून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले आणि पुढे अनेक वर्षे दोन्ही गटांचा पाठपुरावा झाला. कुटुंबात गेलेल्या बालकांमध्ये जिव्हाळ्याचे बंध अधिक सुरक्षित झाले, चिंता आणि उदासी कमी झाली, मात्र अतिचंचलता व लक्ष न लागणे यांत फारसा फरक पडला नाही. ती बालके प्रकल्पाच्या सुरुवातीला सुमारे सहा महिने ते अडीच वर्षे वयाची होती आणि आपली मुलगी आठ वर्षांची, त्यामुळे ते निष्कर्ष इथे सरळ लावता येत नाहीत. तरीही काका-काकूंना ते सांगितले, कारण चांगले घर मिळाले की सर्व काही आपोआप सुधारते ही अपेक्षाच त्यांना अपयशाच्या भावनेकडे नेत होती.

या मुलीच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट होती. पहिली पाच वर्षे तिला आई होती. कोपीतल्या हलाखीतही कोणीतरी तिला कडेवर घेतले होते, थापून भाकरी भरवली होती. जिव्हाळा म्हणजे काय हे तिला नव्याने शिकवायचे नव्हते.

उपचाराची सुरुवात मोठ्यांपासून

पहिल्या काही बैठका फक्त काका-काकूंसोबत घेतल्या. मुलीला माझ्यासमोर बसवून तिच्याकडून चांगले वागण्याचे वचन घ्यावे, अशी काकांची अपेक्षा होती. आठवड्यातून एक तास भेटणारी समुपदेशक मुलाच्या मनातील भीती घालवू शकत नाही, ती रोज स्वयंपाकघरात भेटणाऱ्या माणसामुळे जाते, हे त्यांना समजावून सांगावे लागले. त्याच बैठकीत एक गोष्ट ठरली: ‘परत पाठवीन’ हे वाक्य या घरात कोणत्याही रागात उच्चारायचे नाही. राग आला तर काकूंनी उठून शिवणयंत्रापाशी जावे, बोलणे काकांनी हातात घ्यावे.

अन्नाच्या बाबतीत झडती घेणे थांबवले. मुलीच्या हाताला येईल अशा फळीवर तिच्या नावाचा स्टीलचा डबा ठेवला. त्यात चुरमुरे, शेंगदाण्याचा लाडू, कधी दशमी असे. ती कितीही वेळा उघडेल, न विचारता खाईल, आणि डबा रिकामा दिसला की काकू काही न बोलता भरतील, एवढाच नियम होता. सुरुवातीला डबा दिवसातून अनेकदा रिकामा होई आणि लपवलेले तुकडेही सापडत. काकूंना हे लाड वाटत होते, सासूबाईंचाही विरोध होता. डबा कधीच रिकामा राहत नाही याची खात्री पटायला मुलीला काही आठवडे लागले. नंतर दप्तरातील तुकडे बंद झाले आणि डब्यातला लाडू दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू लागला. लपवण्याबद्दल तिला एकदाही रागावावे लागले नाही.

दुसरी गोष्ट रोजच्या खेळाची. पालक व मूल यांच्यातील परस्परसंवादावर आधारित एक उपचारपद्धती अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी विकसित केली. तिच्यातील एक साधा भाग इथे घेतला. रोज थोडा ठरावीक वेळ मुलगी म्हणेल तो खेळ खेळायचा. त्या वेळात प्रश्न विचारायचा नाही, आज्ञा द्यायची नाही, शिकवायचे नाही, चूक दाखवायची नाही. मूल जे करते आहे ते मोठ्याने सांगायचे, चांगल्या कृतीचे नेमके कौतुक करायचे, बाकी तिच्या मागे चालायचे. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट मोठ्या माणसांना फार जड जाते. आपल्याकडे मुलांशी बोलणे म्हणजे पुष्कळदा ‘अभ्यास झाला का, जेवलीस का, हात धुतलेस का’ यांची साखळी असते. काकूंनी सुरुवातीला प्रामाणिकपणे सांगितले की प्रश्न न विचारता काय बोलायचे तेच त्यांना सुचत नाही.

मुलीने या वेळात ओढणी आणि चटईची कोपी उभारली. तिच्यात तीन दगडांची चूल, पाण्याचा हंडा आणि बाहेर ट्रॅक्टर होता. संसाराचे बोचके बांधायचे, ट्रॅक्टरवर चढवायचे, उतरवायचे आणि पुन्हा बांधायचे, हा खेळ ती दिवसेंदिवस खेळली. काकूंना तिने मुकादम केले होते. ‘चला, उठा, निघायचंय’ एवढेच त्यांनी म्हणायचे असे. याचा अर्थ मुलीला समजावून सांगण्याची काही गरज नव्हती, आणि तसे करू नये असे मी काकूंना बजावले होते. घर उठवले जाण्याचा प्रसंग ती आता स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वेगाने घडवीत होती, आणि एक मोठे माणूस तिथे तिच्यासोबत बसून होते. त्या खेळातून काकूंना मुलीच्या पूर्वायुष्याबद्दल जे कळले ते प्रकरणाच्या कागदपत्रांत कुठेही नव्हते.

काकूंच्या मुलाची बाजूही याच टप्प्यात घेतली. प्रतिपालक कुटुंबातील स्वतःच्या मुलांना कोणी विचारत नाही. ‘तू मोठा आहेस, समजून घे’ एवढे सांगून त्यांचा हिस्सा कमी केला जातो. या मुलाची खोली वाटली गेली होती, वही फाटली होती, आणि आईचा वेळ गेला होता. त्याला राग येणे साहजिक आहे असे त्याच्यासमोर उघडपणे म्हटले गेले, त्याच्या वस्तूंना कुलूप असलेले कपाट मिळाले, आणि रविवारी आगारात जाताना काका त्याला एकट्याला बरोबर नेऊ लागले. त्यानंतर घरातील भांडणे निम्म्यावर आली, असे काकूंचे म्हणणे आहे.

वडिलांच्या भेटी

या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग वडिलांच्या भेटींचा होता. बाल न्याय कायद्यातील कलम ४४ मध्ये अशा भेटींना जागा आहे. बालकाच्या हिताला बाध येतो असे समितीला वाटत नसेल तर आईवडील नियमित अंतराने भेटू शकतात, आणि ते सक्षम ठरल्यावर मूल त्यांच्याकडे परतू शकते. भेटीनंतर मुलगी बिघडते म्हणून भेटी बंद कराव्यात, अशी लेखी विनंती करण्याचा काकांचा विचार होता. मी त्याच्या विरोधात होते. भेटीनंतरचे अंथरूण ओले होणे आणि चिडणे हे दुःख होते. मुलाला दुःख होऊ नये म्हणून ज्याच्याविषयी दुःख होते ते माणूसच दूर करणे, हा उपाय या मुलीच्या आयुष्यात पूर्वी अनेकदा झाला होता.

त्याऐवजी भेटींना शिस्त लावली. भेटीचा दिवस समितीच्या संमतीने ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीच्याच हाताने खूण केली जाई. जागा आणि वेळ तीच असे. वडील दारू पिऊन आले तर भेट होणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले होते. ते आले नाहीत तर ‘गाडी चुकली असेल’ अशी बतावणी न करता ‘बाबा आज आले नाहीत, का ते आपल्याला माहीत नाही, कळले की सांगू’ असेच म्हणायचे ठरले. भेटीनंतरची संध्याकाळ हलकी ठेवायची, अभ्यासाचा आग्रह धरायचा नाही, मेणकापड घालून ठेवायचे आणि सकाळी चादर निमूट बदलायची.

वडिलांशी वेगळे बोलणे झाले, हंगामाच्या काळात फोनवर. मुलगी आपल्याला विसरेल ही त्यांची भीती होती, आणि त्याच भीतीपोटी ते भेटीत ‘तुला लवकरच घेऊन जाईन’ असे पुन्हा पुन्हा म्हणत. हे वचन पाळण्याची त्यांची परिस्थिती नव्हती. मुलगी प्रत्येक वेळी ते खरे मानत असे आणि म्हणून काकूंच्या घरात मन लावणे तिला वडिलांशी बेइमानी वाटे. पुढच्या एका भेटीत वडिलांनी काकूंसमोर तिला सांगितले, ‘मला काम मिळून घर लागेपर्यंत तू इथंच राहायचं. काकूंवर जीव लाव, मला वाईट नाही वाटणार. मी तुझा बापच राहणार.’ हे वाक्य त्यांच्याकडून यावे यासाठी बरीच तयारी करावी लागली होती. उपचारातील कोणत्याही तंत्रापेक्षा या परवानगीचा परिणाम मोठा होता, असे माझे मत आहे.

त्याच सुमारास मुलीसोबत जीवनकथेची वही सुरू केली. प्रतिपालक मुलांसाठी अनेक देशांत वापरली जाणारी ही रीत आहे: जन्म, माणसे, घरे, बदल यांची चित्रे आणि मजकूर एका वहीत क्रमाने मांडायचे, म्हणजे मुलाला स्वतःच्या आयुष्याची सलग गोष्ट मिळते. आईचा एकही फोटो कुठे नव्हता. वडिलांकडे तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स निघाली. तालुक्याच्या स्टुडिओतून तो चेहरा मोठा करून आणला. काळाकुट्ट, अस्पष्ट फोटो होता, पण मुलीने तो लगेच ओळखला. आपल्या घरात मृत बाईचा फोटो लावण्यास काकू आधी राजी नव्हत्या, आणि त्यांच्यावर तो लादला नाही. तो वहीत आणि मुलीच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला राहिला. आईच्या श्राद्धाला काकूंनी आपण होऊन घास काढून ठेवला, तो निर्णय संपूर्णपणे त्यांचा होता.

काकूंचे स्वतःचे ओझे

कायद्यानुसार समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करणे अपेक्षित आहे. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यकच आहे. पण काकूंना प्रत्येक भेट ही परीक्षा वाटत होती. अधिकारी येणार म्हटले की घर आवरले जाई, मुलीला नवा फ्रॉक घातला जाई आणि ‘सगळं छान आहे’ असे सांगितले जाई. ज्याच्या हातात मूल काढून घेण्याचा अधिकार आहे त्याच्यासमोर कोणतीही बाई ‘मला आज तिला मारावेसे वाटले’ असे म्हणणार नाही. म्हणून पाहणी करणारी व्यक्ती आणि आधार देणारी व्यक्ती वेगळी असावी, असे माझे ठाम मत आहे. काकूंना पहिल्याच भेटीत सांगितले होते की मुलीला इजा होत असेल तर मी ते समितीला कळवीन, बाकी त्यांचा राग, कंटाळा, पश्चात्ताप यांपैकी काहीही अहवालात जाणार नाही. एवढ्या स्पष्टतेनंतरच त्या मोकळेपणाने बोलू लागल्या.

पैशाचाही प्रश्न होताच. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळतात. त्यात मुलाचे खाणे, कपडे आणि वह्यापुस्तके भागवताना ओढाताण होते, तालुक्याहून जिल्ह्याला समुपदेशनासाठी येण्याचे भाडे त्यातून निघत नाही. या कुटुंबाच्या काही बैठका त्यामुळे फोनवर घ्याव्या लागल्या. मध्येच कधी अगदी असह्य झाले तर बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांना दिला होता, आणि काकूंनी तो एका रात्री वापरलाही.

सद्यःस्थिती

कुटुंबाने परत पाठवण्याचा अर्ज दिला नाही, समितीने आदेशाची मुदत वाढवली. अन्न लपवणे थांबले आहे. अंथरूण ओले होणे भेटीनंतरच्या एखाद्या रात्रीपुरते उरले आहे. खोटे बोलणे कमी झाले तरी गेलेले नाही, आणि वर्गात लक्ष लागत नाही ही शिक्षिकेची तक्रार कायम आहे, त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात स्वतंत्र तपासणी सुचवली आहे. अनोळखी माणसांशी फाजील जवळीक अजून अधूनमधून दिसते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागेल. पडल्यावर मात्र मुलगी आता रडते आणि काकूंकडे जाते. काकूंनी हे ‘हल्ली फार रडकी झाली आहे’ अशा तक्रारीच्या सुरात सांगितले, तेव्हा ही वर्षभरातील सर्वांत चांगली बातमी का आहे ते त्यांना समजावून दिले.

वडील व्यसनमुक्तीच्या उपचारात आहेत आणि गावाजवळ वर्षभर पुरेल असे काम शोधत आहेत. ते मिळाले तर मुलगी त्यांच्याकडे परत जाऊ शकेल, आणि प्रतिपालकत्वाचा मूळ हेतूही तोच आहे. त्या दृष्टीने समितीकडे लेखी शिफारस केली आहे की परतीचा निर्णय झाल्यास तो मुलीला आधी सांगावा, सुट्ट्यांमधील मुक्कामापासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने अमलात आणावा, शैक्षणिक वर्षाच्या मध्यात तिची शाळा बदलू नये, आणि परतल्यानंतरही काका-काकूंच्या घरी तिचे जाणेयेणे व फोन चालू राहतील अशी अट आदेशातच नमूद करावी. काकूंसाठीही त्या काळात आणि नंतर काही महिने समुपदेशन चालू ठेवण्याची विनंती त्याच शिफारशीत आहे.